गाबीची खापरं, भीमपूरची खापरं

इटलीहून परत येऊन मला तीन महिने झाले. आदिलाबादेत ज्याने विचारलं त्याला मी रोमची कारंजी, मोठमोठी चर्च आणि उभ्या उभ्या प्यायची कडू कॉफी यांचं वर्णन ऐकवलं. लोक खूश झाले. प्रवासातला एक दिवस मात्र मी प्रत्येक वेळी गाळला. तो सांगायचा तर त्याच्यासोबत चाळीस वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगावी लागते, आणि ती मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. ती गेली त्या वर्षी दवाखान्यात तिच्या उशाशी बसून दोनदा तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा 'औषधाची वेळ झाली' म्हणून मिटलं.

आता माझं वय पंचाहत्तर. आणखी टाळलं तर कायमचं टळेल, म्हणून लिहितो आहे. प्रवासवर्णन वाचायला बसलेल्यांनी थोडा राग सोसावा. तो बराचसा माझ्यावरचा आहे, सगळाच नाही.

रोम

मुलगी माधुरी नोकरीमुळे रोममध्ये राहते. जूनमध्ये तिने बोलावून घेतलं. तिकडची माणसं 'काल्दो, काल्दो' म्हणजे 'उकडतंय, उकडतंय' म्हणत कपाळ पुसत होती आणि आदिलाबादचा मे महिना सोसून गेलेला मी त्यांना हसत होतो. दुसऱ्याच दिवशी त्या प्रसिद्ध गोल प्रेक्षागाराच्या रांगेत दोन तास उभा राहिलो आणि चक्कर येऊन पडलो. शुद्धीवर आलो तेव्हा एक अनोळखी म्हातारी माझ्या डोक्यावर बाटलीतलं पाणी ओतत होती आणि माधुरीला काहीतरी दटावत होती.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हणते, ह्यांना घरी ठेवायचं वय आहे."

त्यामुळे तिसरा दिवस संग्रहालयाचा ठरला. सावली, थंडावा, बसायला बाकं. संगमरवरी राजे पाहून मी कंटाळलो होतो. एका बाजूच्या दालनात काचेमागे मुठीएवढं एक मातीचं भांडं दिसलं. पुरातत्त्व खात्याच्या नोकरीत जुनी मडकी पाहण्यात माझं आयुष्य गेलं आहे, त्यामुळे पाय आपोआप तिकडे वळले. भांड्याच्या पोटावर काहीतरी ओरखडल्यासारखं होतं. माधुरीने फलक वाचून सांगितला: गाबी नावाच्या गावाजवळच्या स्मशानातलं, एका बाईच्या अस्थींबरोबर पुरलेलं, सुमारे अठ्ठावीसशे वर्षांपूर्वीचं. ओरखडे म्हणजे ग्रीक अक्षरं. त्या भूमीवर सापडलेल्या सर्वांत जुन्या अक्षरांपैकी.

"काय लिहिलंय?"

"त्यावर भांडण आहे म्हणे पंडितांचं. काही जण वाचतात, 'चांगलं सूत कातणारी'."

मी कापसाच्या मुलखातला माणूस. काचेला नाक लावून उभा राहिलो. तेवढ्यात इंग्रजी बोलणाऱ्या प्रवाशांचा एक घोळका आला. त्यांचा वाटाड्या चुणचुणीत होता. त्याने सांगितलं की ही अक्षरं कोणा परदेशी व्यापाऱ्याने कोरली असणार. बाई कुठली वाचणार, बिचारी सूत कातत बसणारी. घोळका हसला.

"तुम्हाला कसं माहीत?" मी मोठ्याने इंग्रजीत विचारलं.

तो वळला. "काय, सर?"

"तिला वाचता येत नव्हतं हे तुम्हाला कसं माहीत? तिला कोणी विचारलं होतं का?"

माधुरीने माझा दंड धरला. वाटाड्या नम्रपणे म्हणाला की सर, तो अंदाज आहे. मी म्हणालो, अंदाज आहे तर अंदाज म्हणून सांगा. आवाज चढला होता. पहारेकरी उठून आला. आम्ही बाहेर आलो. माधुरी म्हणाली, "बाबा, ती बाई अठ्ठावीसशे वर्षांपूर्वी मेली आहे. तुमाले काऊन एवढा राग?"

लेक रोममध्ये राहिली तरी चिडली की आदिलाबादचीच बोलते. मी एवढंच म्हणालो की मला ते गाव पाहायचं आहे.

गाबी

गाबी रोमच्या पूर्वेला, बसने तासाभरावर. आम्ही एक थांबा आधी उतरलो आणि मालमोटारींच्या रस्त्याकडेने, टोपी हाताने धरून, वीस मिनिटं चालत गेलो. प्रसिद्ध जागा नाही, त्यामुळे तिथे ना तिकिटाची रांग ना टोप्या विकणारे. गव्हाची कापलेली शेतं, त्यांच्यामागे एका विझलेल्या ज्वालामुखीचं खोलगट तोंड आणि त्याच्या काठावर मध्ययुगातला एक मोडका बुरूज. खोलगट भागात पूर्वी तळं होतं, ते लोकांनी शेतीसाठी कोरडं केलं. आमच्याकडचे चेरुवू, म्हणजे गावतळी, कोरडे करून प्लॉट पाडतात त्याची आठवण झाली. तिथे निदान गहू तरी पिकतो.

फाटकावर बेप्पे नावाचा राखणदार होता, माझ्याच वयाचा. त्याला इंग्रजी येत नव्हतं आणि मला इटालियन, पण दोघांचे गुडघे दुखत होते, त्यामुळे ओळख लवकर झाली. त्याने कियारा नावाच्या मुलीला हाक मारली. ती इंग्रजी येणारी विद्यार्थिनी. उन्हाळ्यात तिथे उत्खनन चालू होतं आणि ही तिथे कामाला होती. गावाची हकिगत तिने सांगितली. ती माझ्या शब्दांत देतो.

रोम मोठं होण्याआधी त्या मुलखात एकच भाषा बोलणारी अनेक गावं होती. लॅटिन ही त्यांची भाषा. गाबी त्यांतलं एक, आणि एके काळी रोमच्या तोडीचं. जुनी समजूत अशी की रोम वसवणारे जुळे भाऊ अक्षरं शिकायला लहानपणी गाबीलाच राहिले होते. पुढे रोमच्या राजाला गाव लढून जिंकता येईना. मग त्याच्या मुलाने पाठीवरचे वळ दाखवले, बापाने मारून हाकललं म्हणाला, आणि आसरा मागितला. गावाने दिला. त्याने विश्वास मिळवला, गावातली शहाणी माणसं एकेक करून संपवली आणि गाव बापाच्या हवाली केलं. त्यानंतर गाबी उतरणीला लागलं. तिथला राखाडी दगड चांगला, तो रोमच्या इमारतींना हवा होता. राहत्या गावाच्या पोटातच खाणी पडल्या. पार पुढच्या काळात एका जमीनदार सरदाराने पुतळ्यांसाठी तिथे खणलं. मिळाले तेवढे पुतळे आधी त्याच्या बंगल्यात गेले आणि तिथून फ्रान्सच्या बादशहाकडे. आज गाबीत देवळाची एक उंच भिंत, रस्त्याचे काही दगड आणि भरपूर खड्डे आहेत.

"खणणारे मजूर कोण होते?" मी विचारलं.

कियाराने खांदे उडवले. "त्यांची नावं कुठेच नाहीत."

म्हणजे तिकडेही तेच. सरदाराचं नाव पुस्तकात, पुतळ्यांना आकडे, आणि ज्यांनी माती उपसली त्यांचा पत्ता नाही. परदेशातलं सगळं चांगलं असतं असं मी लिहिणार नाही.

एक गंमत मात्र सांगतो. गाबीची धोतरासारखं वस्त्र नेसायची एक खास रीत होती. खांद्यावरचा पदर काढून कमरेभोवती आवळायचा, म्हणजे दोन्ही हात मोकळे. पुढे रोमचे लोक पूजेला आणि लढाईला तसंच नेसू लागले आणि त्या रीतीला गाबीचंच नाव राहिलं. कियाराला ती शब्दांत सांगता येईना. मी माधुरीची ओढणी घेतली आणि पँटवरूनच काष्टा कसा मारतात ते दाखवलं. बेप्पेने टाळ्या वाजवल्या. काष्ट्यात आणि त्या रीतीत फरक असणार, पण हात मोकळे करायचे असले की माणूस कापड मागे खोचणारच. आमच्या बाया निंदायला जाताना हेच करतात.

दुपारी सगळ्यांनी एका लांब टेबलावर जेवण केलं. पाव, टोमॅटो, वरून तेल, मीठ. भाकरीवर तेल-तिखट घेणाऱ्या माणसाला ते परकं वाटत नाही. प्राध्यापक, विद्यार्थी, माती वाहणारे दोन मजूर, बेप्पे आणि आम्ही. पाण्याचा जग एक होता. तो हातातून हातात फिरत माझ्याकडे आला. चाळीस वर्षांपूर्वी आदिलाबादजवळ भीमपूरकडे मी ज्या उत्खननावर होतो, तिथे दोन माठ होते. एक आमचा, एक 'त्यांचा'. दुसरा माठ ठेवायचा हुकूम कोणी दिला नव्हता. तो मीच ठेवला होता.

जेवणानंतर कियारा मला खापरांच्या जागेकडे घेऊन गेली. तीन बाया टबात हात घालून दात घासायच्या ब्रशने खापरं धूत होत्या. धुतलेली खापरं जाळीच्या ट्रेमध्ये वाळत होती आणि प्रत्येक ट्रेमध्ये प्लास्टिकच्या दोन चिठ्ठ्या, एक आत, एक बाहेर बांधलेली. चर कोणता, थर कोणता, तारीख. सगळ्यांत शेवटी भिंतीला लागून एक ट्रे वेगळा होता.

"ह्यात काय?"

"ह्यांच्या चिठ्ठ्या हरवल्या," ती म्हणाली. "कोणत्या थरातली ते माहीत नाही. म्हणून तसं लिहून वेगळी ठेवली."

"मग शिक्षा कोणाला झाली?"

तिला प्रश्न कळला नाही. मी पुन्हा विचारला. ती म्हणाली, "शिक्षा कशाची? चिठ्ठ्या हरवतात. हरवली असं लिहायचं असतं. खोटी चिठ्ठी लावली तर मात्र सगळा चर वाया जातो, कारण मग खरी कोणती तेच कळत नाही."

मी तिथल्या दगडावर बसलो. माधुरीला वाटलं पुन्हा चक्कर आली. ती पाणी आणायला पळाली. चक्कर नव्हती. संताप होता. चाळीस वर्षं मी स्वतःला सांगत आलो होतो की त्या दिवशी दुसरा मार्गच नव्हता, आणि मार्ग समोर प्लास्टिकच्या ट्रेमध्ये पडला होता. विशीतल्या मुलीला तो ठाऊक होता.

पांढर

आता ती गोष्ट.

भीमपूरकडे, पैनगंगेच्या अलीकडच्या काठावर, एक पांढर होती. जुन्या वस्तीच्या ढिगाऱ्याला आमच्याकडची मराठी माणसं पांढर म्हणतात, तेलुगू माणसं पाटीगड्डा. तिथे हैदराबादहून आलेल्या एका साहेबांनी उत्खनन सुरू केलं. मी तेव्हा पस्तिशीचा, इतिहासात बी.ए., रोजंदारीवर. खापरांच्या आवाराचं काम माझ्याकडे होतं. चरातून घमेली यायची, खापरं धुवायची, आणि चुन्याने आखलेल्या चौकोनांत वाळत घालायची. प्रत्येक चौकोनात एक कागदी चिठ्ठी, वर गोटा.

धुण्याचं काम शेवंताबाई करायच्या. वय माझ्याएवढंच. त्यांचे वडील शेतमजूर. त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यानंतर हट्टाने पोरीला अक्षरं शिकवली होती. शेवंताबाईंना मराठी वाचता येत होतं आणि चिठ्ठ्यांवरची इंग्रजी अक्षरं आणि आकडे त्यांनी पाहून पाहून उचलले होते. सही करता येत होती. पण हाजिरीच्या वहीत मी सगळ्या मजुरांचे अंगठेच घ्यायचो, शाईचा पॅड फिरवला की काम लवकर उरकायचं.

"सर, मी सई करतो नं," त्या एकदा म्हणाल्या होत्या.

"वहीत सगळ्यांचे अंगठे आहेत बाई. एकटीची सही कशाला? साहेब विचारत बसतील."

त्यांनी अंगठा दिला.

त्यांची खापरांची ओळख माझ्यापेक्षा पक्की होती. नुसती माती चोळून सांगायच्या की हे कोणत्या चरातलं. साहेबांच्या ते लक्षात आलं होतं. कायम नोकरीसाठी दोन नावं हैदराबादला गेली होती, एक माझं, एक त्यांचं.

एप्रिलमधला एक दिवस. साहेब दौऱ्यावर होते. मी दुपारी आवार शेवंताबाईंवर सोडून आदिलाबादला सिनेमाला गेलो. लपवण्यात अर्थ नाही, सिनेमालाच गेलो. मागे वावटळ आली. चिठ्ठ्या उडाल्या, पाऊस येतो असं वाटून शेवंताबाईंनी एकटीने खापरं उचलली. संध्याकाळी मी पोचलो तेव्हा घमेली ओळीने मांडून ठेवली होती.

"म्या रांगेनं उचलली सर," त्या म्हणाल्या. "हे पयली रांग, हे दुसरी. इकडून तिकडं. तुमी चिठ्ठ्या लिवा, म्या सांगतो."

मी त्यांना सांगू दिलं नाही. आतून काळी आणि बाहेरून तांबडी खापरं त्यांच्या हिशोबाने वरच्या थरातली येत होती. माझ्या पुस्तकात ती सर्वांत जुनी, म्हणजे सर्वांत खालची. मी म्हणालो, तुमच्या रांगा चुकल्या. त्या म्हणाल्या, "नाई चुकल्या जी." मी पुस्तकाप्रमाणे खापरं फिरवली आणि नव्या चिठ्ठ्या माझ्या हाताने लिहिल्या. जुन्या तारखा टाकल्या. साहेबांना काही कळायला नको होतं.

महिनाभराने मडक्यांचे जाणकार आले. जुळवाजुळव करताना एकाच वाडग्याचे दोन तुकडे निघाले, एकाची चिठ्ठी सर्वांत वरच्या थराची, दुसऱ्याची सर्वांत खालच्या. साहेबांनी आवारात सगळ्यांना उभं केलं.

"ये माल कौन मिलाया?"

मी म्हणालो, "शेवंता ने, साब. उसकू पढना नहीं आता. इन लोगां को क्या समझता."

'इन लोगां को'. हे शब्द माझे आहेत. ते मी कोणाच्या दबावाखाली बोललो नाही, तोंडात तयारच होते. आणि साहेबांनी ते ज्या सहजतेने मान्य केले त्याचाही मला आज राग येतो. दोन महिने त्या बाईची पारख वाखाणणाऱ्या माणसाने तिला एक चिठ्ठी वाचून दाखव एवढंही म्हटलं नाही. हाजिरीची वही मागवली. अंगठा पाहिला. पुरावा झाला. शेवंताबाई घमेलं कमरेला लावून चार हातांच्या अंतरावर उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी वहीकडे.

त्यांना त्याच दिवशी कामावरून काढलं. कायम नोकरीच्या यादीतून नाव कापलं. माझं राहिलं, आणि त्या नावावर मी निवृत्तीपर्यंत खुर्चीवर बसलो. संध्याकाळी वाटेत त्यांना गाठून मी आणखी एक काम केलं. म्हणालो, "बाई, मी साहेबांना खूप सांगितलं तुमच्यासाठी, पण ऐकत नाहीत."

"बरं सर," त्या म्हणाल्या.

अहवालात लिहिलं गेलं की थर मिसळलेले आहेत, निष्कर्ष काढता येत नाही. उत्खनन बंद झालं. शेवंताबाईंची रांग बरोबर असती, तर ती काळी-तांबडी भांडी आमच्या भागात पुस्तकात आहे त्याच्या कितीतरी नंतरपर्यंत वापरात होती असं ठरलं असतं. कदाचित मोठा शोध असता. कदाचित नसता. ते आता कोणालाच कळणार नाही, कारण खऱ्या चिठ्ठ्या वाऱ्याने नेल्या आणि खोट्या मी लिहिल्या. ज्यांनी तो अहवाल आजवर वापरला असेल त्यांनी कृपया नोंद घ्यावी: चूक धुणाऱ्या बाईची नव्हती.

भीमपूर

परत आल्यावर ऑगस्टात मी ती पांढर पाहायला गेलो. रिक्षा सोडली आणि बांधावर उभा राहिलो तरी जागा ओळखू येईना. ढिगारा नव्हता. सपाट सोयाबीन होतं, नदीपर्यंत. निंदणारा एक माणूस जवळ आला.

"काय पाह्यता सारू?"

"इथे पांढर होती."

"होती नं. जेसीबी लावून नेली मट्टी. लोकाइनं वावरात टाकली. पांढरीच्या मातीत पऱ्हाटी जोरात येते."

"कोणी अडवलं नाही?"

"कोन अडवते? सरकारी मानूस आलता एक डाव. कागद पाह्यला, म्हने इथं काई निंगालं नाई, थर मिसळेल हायत. मंग गेला."

त्याच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता, तरी मी रागावलो. दोन हजार वर्षांची वस्ती कापसाला खत म्हणून घालता, लाज नाही वाटत, असं काहीतरी बोललो. तो शांतपणे ऐकून घेत होता. मग म्हणाला, "सारू, कागदावर तुमीच लिवलं नं, काई नाई म्हनून. आमी काय कराव?"

'तुमी' म्हणजे त्याच्या लेखी सगळे कागद लिहिणारे. त्याला माझ्याबद्दल काहीच ठाऊक नव्हतं. सरीत पायाखाली एक खापर लागलं. आतून काळं, बाहेरून तांबडं. मी ते उचललं, पुसलं आणि परत टाकलं. घरी नेऊन त्यावर काय लिहिणार होतो?

मावला

शेवंताबाई आता आदिलाबादजवळ मावल्याला नातीकडे राहतात. नात प्रज्ञा सरकारी शाळेत शिक्षिका आहे. घर नवं, दारात जास्वंद. शेवंताबाई पडवीत सुपात गवार मोडत बसल्या होत्या. केस पूर्ण पांढरे, पाठ ताठ. मला पाहून त्यांनी क्षणभर डोळे बारीक केले.

"खापरवाले सर," त्या म्हणाल्या. "या. बसा. लई म्हातारे झाले जी."

"तुम्हीही झालात."

"म्या कुठं नाई म्हनतो."

प्रज्ञा बाहेर आली. कोण ते कळल्यावर तिने वाकून नमस्कार केला आणि मी पाय मागे घेतले. "सर, आजी नेहमी सांगते तुमच्याबद्दल. आजीचं काम सुटलं तेव्हा तुमी साहेबासोबत लई बोलले होते म्हणे तिच्यासाठी."

मी शेवंताबाईंकडे पाहिलं. त्या शेंगेचं टोक मोडत होत्या.

"बोलले होते नं सर?" प्रज्ञाने हसून विचारलं.

"बोलले होते व बाई," शेवंताबाईच म्हणाल्या. "काय बोलले ते तेइले ठाऊक अन् मले ठाऊक. जा, चहा ठेव."

प्रज्ञा आत गेली. चहा होईपर्यंत आम्ही दोघेच होतो. चाळीस वर्षांत एवढा मोकळा वेळ मला मिळाला नव्हता. आणि मी काय केलं, तर इटली सांगायला लागलो. गाबी सांगितलं. तळं, बुरूज, दगड. काष्ट्याची गोष्ट सांगितली, त्या हसल्या. मग म्हणालो, तिकडेही बाया खापरं धुतात, ब्रशने.

"अन् चिठ्ठ्या?"

"प्लास्टिकच्या. दोन दोन. एक आत, एक बाहेर."

"मंग उडत नसतीन."

"नाही उडत."

त्यांनी तीन-चार शेंगा मोडल्या. "अन् एखांदी हरपली त?"

"हरवली असं लिहून ठेवतात. वेगळ्या ट्रेमध्ये."

"असं." हात थांबला. "म्हंजे तसं बी लिवता येत होतं."

"हो," मी म्हणालो.

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. त्या वेळी आवारात पाहिलं होतं तसंच, रागाने नाही, नुसतं. मला एवढंच म्हणायचं होतं की बाई, चिठ्ठ्या मी लिहिल्या आणि नाव तुमचं सांगितलं, मला माफ करा.  आत कपबश्या वाजल्या, प्रज्ञा बाहेर आली, आणि मी चहात साखर पुरेशी आहे का हे पाहू लागलो.

चहा झाला. प्रज्ञाच्या शाळेची चौकशी झाली. मी उठलो. शेवंताबाई सूप बाजूला ठेवून, गुडघ्यावर हात टेकत, माझ्यामागे फाटकापर्यंत आल्या. नको म्हटलं तरी आल्या.

"सर," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "काई सांगाचं होतं का तुमाले?"

"नाही," मी म्हणालो. "सहज आलो होतो. इकडून चाललो होतो."



"बरं सर," त्या म्हणाल्या, आणि फाटक लावलं.